लोखंड कापणारी हवा

(तृतीय वर्ष कला, भूगोल)

आमच्या घरामागे एक जुना गोठा आहे. गुरे विकल्यावर काही वर्षे त्यात लाकूडफाटा, फुटकी कौले आणि मांजरे यांचा मुक्काम होता. तीन वर्षांपूर्वी दादा पुण्यातली नोकरी सोडून घरी आला आणि त्याने तो गोठा साफ करून तेथे आपले वर्कशॉप मांडले. दादा आयटीआयचा वेल्डर. ग्रिल, गेट, पाण्याच्या टाकीखालचे स्टँड असे लोखंडाचे काम निघाले की आमच्या चिपळूण तालुक्यातल्या चार-पाच वाड्यांतले लोक त्याच्याकडे येऊ लागले. त्याच्याजवळ वेल्डिंग मशीन होते, ग्राइंडर होता. जाड पत्रा वळणावळणाने कापायचे यंत्र तेवढे नव्हते. म्हणून त्याने पतपेढीचे कर्ज काढून प्लाझ्मा कटर घेतला आणि पहिल्याच पावसाळ्यात तो अर्ध्या किमतीला विकायला काढला.

तो का काढला आणि अखेर विकला का नाही, हे सांगता सांगता घरच्या वर्कशॉपसाठी असे यंत्र कसे निवडावे तेही सांगावे, असा माझा बेत आहे. कला महाविद्यालयाच्या अंकात हा विषय पाहून कोणी नाक मुरडू नये. या यंत्राचे दुखणे शेवटी सापडले ते आमच्या भूगोलाच्या पुस्तकात.

प्रथम प्लाझ्मा म्हणजे काय ते पाहू. बर्फाचे पाणी होते, पाण्याची वाफ होते, इथवर आपण सर्वजण शाळेत शिकलेलो असतो. वायू त्याहीपुढे तापवत नेला तर त्याच्या अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि एरवी विजेला वाट न देणाऱ्या त्या वायूतून वीज वाहू लागते. ही पदार्थाची चौथी अवस्था. आकाशातली वीज हा प्लाझ्माच. किती तापमानाला किती अणू असे फुटतात याचे गणित मेघनाद साहा यांनी १९२० साली मांडले, तेही ताऱ्यांच्या प्रकाशाचा उलगडा करण्यासाठी. 'प्लाझ्मा' हे नाव मात्र १९२८ साली अर्व्हिंग लँगम्यूर या अमेरिकन शास्त्रज्ञाने दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'घडवलेली वस्तू' असा आहे. रक्तातल्या द्रवाला हेच नाव आधीपासून होते. त्यामुळे यंत्र घरी आले तेव्हा, आरोग्य केंद्रात हा शब्द ऐकलेल्या आमच्या आजीने "लोखंड कापायला रक्त कशाला हवं?" असे विचारले, त्यात तिची काही चूक नव्हती.

यंत्राच्या टॉर्चमध्ये तांब्याचा एक इलेक्ट्रोड असतो. त्याच्या टोकात हाफ्नियम नावाच्या धातूची बारीक टिकली बसवलेली असते. त्यापुढे तांब्याचे नोझल, त्याला जेमतेम मिलीमीटरभर छिद्र. दाबाची हवा भोवऱ्यासारखी फिरत त्या छिद्रातून बाहेर पडते आणि इलेक्ट्रोडपासून पत्र्यापर्यंतची विजेची ठिणगी तिच्याबरोबर त्याच छिद्रातून चेपली जाते. बागेत पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार कशी जोरात जाते, तसेच हे. त्या धारेचे तापमान वीस हजार अंश सेल्सिअसच्या घरात जाते. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजारांच्या आसपास असतो. एवढ्या उष्णतेपुढे लोखंड वितळते आणि मागून येणारी हवा तो रस खाली उडवून देते.

जुना गॅस कटर असे करीत नाही. तो लोखंड वितळवण्यापेक्षा जाळतो. लोखंड नऊशे अंशांच्या आसपास लाल केले आणि त्यावर शुद्ध ऑक्सिजनची धार सोडली की ते पेट घेते आणि त्याचे ऑक्साइड पातळ होऊन वाहून जाते. स्टेनलेस स्टील आणि अॅल्युमिनियम यांपुढे मात्र हा उपाय चालत नाही, कारण त्यांच्यावर येणारी ऑक्साइडची साय सहजी वितळतच नाही. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि त्याच्यावरची साय दोन हजारांच्या पुढे! ही अडचण सोडवण्यासाठी युनियन कार्बाइड कंपनीच्या लिंडे विभागातल्या रॉबर्ट गेज यांनी प्लाझ्माची ही रीत काढली आणि १९५७ साली तिचे पेटंट मिळवले. (याच कंपनीचे नाव १९८४ नंतर आपल्या देशात भोपाळमुळे कोणी विसरू शकले नाही.) आरंभी यासाठी महागडे वायू लागत. पुढे साठच्या दशकात साध्या हवेवर काम भागू लागले, आणि म्हणूनच हे यंत्र आज गोठ्यापर्यंत येऊ शकते.

आता निवडीकडे वळू. पहिला प्रश्न हा की असे यंत्र मुळात हवे आहे का? आपले काम जर अँगल, चौकोनी पाइप आणि पट्ट्या सरळ कापण्याचे असेल तर नको. त्याला कट-ऑफ मशीन आणि ग्राइंडर पुरतात, खर्चही फार कमी येतो. प्लाझ्माची खरी गरज पत्र्याला, गोलाईला, नक्षीला आणि स्टेनलेसला लागते. दादाकडे गेटवर मोर, कमळ आणि घराचे नाव कापून मागणारी गिऱ्हाइके येऊ लागली होती. ग्राइंडरने मोर कापता येत नाही. कापलाच तर तो कोंबडा होतो.

यंत्र घ्यायचे ठरले की बहुतेक माणसे एकच आकडा विचारतात, "किती एमएम कापते?" हा आकडा फसवा आहे. एक जाडी अशी असते की जी यंत्र चांगल्या वेगाने स्वच्छ कापते. दुसरी अशी की जी रखडत, कडेला मळी धरत कापते. तिसरी अशी की जिचे कसेबसे दोन तुकडे होतात. जाहिरातीत बहुधा ही तिसरी छापलेली असते. चाळीस अँपिअरचे यंत्र साध्या लोखंडाची दहा मिलीमीटरपर्यंतची जाडी ठीक कापते, त्यापुढे त्याला कष्ट पडतात. आपण आपल्या अंगणातला ढीग पाहावा. गेटचा पत्रा १६ किंवा १८ गेजचा, म्हणजे दीड मिलीमीटरच्या आतबाहेर. खांबाखालची प्लेट सहा, क्वचित आठ मिलीमीटर. मग साठ किंवा ऐंशी अँपिअर कोणासाठी घ्यायचे?

त्याच्या जोडीचा दुसरा आकडा म्हणजे 'ड्यूटी सायकल'. चाळीस अँपिअरला साठ टक्के असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ दहा मिनिटांत सहा मिनिटे कापा, चार मिनिटे थांबा. ही चाचणी चाळीस अंशांच्या हवेत झाली की पंचवीस अंशांच्या, ते मात्र विचारून घ्यावे. विदर्भातल्या वर्कशॉपला मे महिन्यात पंचवीस अंश कोठून मिळणार?

वजन, रंग, पडद्यावर दिसणारे आकडे या गोष्टींत मी वाचकांचा वेळ घेत नाही. किंमतही सांगत नाही. ती अंक छापून होईपर्यंत बदललेली असेल.

खरी निवड यंत्राच्या बाहेर आहे, विजेत आणि हवेत. विजेचा हिशेब सोपा आहे. तो यंत्र घेण्यापूर्वी आम्ही केला नाही, इतकेच. चाळीस अँपिअरला कापताना ठिणगीवर साधारण ९६ व्होल्ट असतात. दोहोंचा गुणाकार ३,८४० वॅट. यंत्रात थोडी वीज वाया जाते, ती धरून साडेचार किलोवॅट. याला २३० व्होल्टने भागले की सुमारे वीस अँपिअर येतात. घरातले मोठे सॉकेट असते सोळा अँपिअरचे! शिवाय दोन अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर आणखी नऊ-दहा अँपिअर ओढतो. संध्याकाळी आमच्या गावात व्होल्टेज १९० वर येते तेव्हा तेवढ्याच कामासाठी यंत्र वीसऐवजी चोवीस अँपिअर मागते. पहिल्या आठवड्यात आमचा प्लग वितळला आणि शेजारच्या काकूंचा टीव्ही रोज मालिकेच्या वेळी डोळे मिचकावू लागला. शेवटी महावितरणकडून मंजूर भार वाढवून घेतला, वायरमनकडून मीटरपासून गोठ्यापर्यंत जाड तांब्याची स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी बसवून घेतला, नवे अर्थिंग केले. हा खर्च यंत्राच्या किमतीत कोणी धरत नाही. तो आधी धरावा आणि उरलेल्या पैशांत बसेल ते यंत्र घ्यावे. ज्यांच्याकडे थ्री-फेज जोडणी आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल.

हवेची गोष्ट लांब आहे.

यंत्र विकणाऱ्याने सांगितले होते, "कुठलाही कॉम्प्रेसर चालतो." दादाने एका गॅरेजमधून टायरमध्ये हवा भरायचा एक अश्वशक्तीचा जुना कॉम्प्रेसर आणला. यंत्राच्या पुस्तिकेत मिनिटाला दीडशे लिटर हवा, पाच बार दाबाने, असे स्पष्ट छापले होते. दीडशे लिटर म्हणजे साडेपाच घनफुटांच्या जवळपास. कॉम्प्रेसरच्या पाटीवर पाच घनफूट होते. दादा म्हणाला, "थोडं कमी आहे, भागेल." पण पाटीवरचा आकडा हा पिस्टन किती जागा सरकतो त्याचा असतो. प्रत्यक्ष नळीतून किती हवा बाहेर येते हा दुसरा आकडा. त्याला एफएडी म्हणतात आणि तो बराच कमी असतो. आमची खरी हवा तीन घनफुटांच्या पुढे नसावी. एक वीत कापले की दाब उतरायचा आणि ठिणगी विझायची. टाकी भरेपर्यंत दादा विडी ओढत बसायचा. ते यंत्र त्याला विडीची सवय लावणार, असे आईला वाटू लागले. अखेर दोन अश्वशक्तीचा नवा कॉम्प्रेसर घेतला आणि एप्रिल-मे असे दोन महिने काम झकास चालले. तेव्हा विकत घेणाऱ्याने पाटीवरचा आकडा न पाहता एफएडी विचारावा, आणि तो यंत्राच्या गरजेच्या दीडपट तरी असावा.

मग पाऊस आला. ज्या नोझलवर मे महिन्यात आठवडा जात असे ते जून अखेरीस एका दिवसात जाऊ लागले. छिद्र गोल न राहता लांबट व्हायचे, काप तिरका पडायचा, इलेक्ट्रोडमधली टिकली खड्ड्यासारखी खचायची. कर्जाचा हप्ता आणि नोझलचा खर्च यांची शर्यत लागली. विकणाऱ्याला फोन केला तर "ओरिजिनल नोझल वापरा" एवढेच उत्तर मिळे. जुलैत दादाने यंत्राचे फोटो काढून ओळखीच्या चार वेल्डरांना पाठवले आणि निम्म्या किमतीला देतो म्हणून कळवले. त्या संध्याकाळी तो जेवला नाही.

त्याच सुमारास आमच्या वर्गात हवामानशास्त्राचा भाग चालू होता. सरांनी फळ्यावर तक्ता काढला होता. एक घनमीटर हवा तीस अंशांना जास्तीत जास्त तीस ग्रॅम बाष्प धरू शकते, पन्नास अंशांना त्र्याऐंशी ग्रॅम. मला एकदम गोठा आठवला. घरी येऊन वहीत हिशेब मांडला. मिनिटाला दीडशे लिटर म्हणजे तासाला नऊ घनमीटर हवा. पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता ८० टक्के धरली तर प्रत्येक घनमीटरमागे चोवीस ग्रॅम. म्हणजे सतत कापले तर तासाला दोनशे ग्रॅमहून अधिक पाणी, भरलेला पेलाच, आम्ही कॉम्प्रेसरला पाजत होतो. हवा दाबून आठपट लहान केली की तिची पाणी धरण्याची जागाही आठपट लहान होते. ती पुन्हा तीस अंशांवर आली म्हणजे तिच्यात चौतीस-पस्तीस ग्रॅमच मावतात. बाकीचे पाणी कोठेतरी पडणारच.

"पण मी फिल्टर लावलाय," दादा म्हणाला. "बाटलीत पाणी जमतच नाही मग."

फिल्टर लावला होता तो कॉम्प्रेसरच्या तोंडालाच. खरी गोम तेथे होती. तेथून निघणारी हवा तापलेली असते, हाताला चटका बसेल इतकी. अशा गरम हवेतले पाणी अजून वाफेच्या रूपात असते आणि फिल्टर अडवतो फक्त थेंब. वाफ फिल्टरमधून हसत पुढे जाते, लांब नळीत थंड होते आणि टॉर्चच्या तोंडाशी तिचे पाणी होते. सह्याद्रीवर चढताना ढग जे करतो तेच आमच्या नळीत चालले होते. अरबी समुद्रावरून तो बाष्प घेऊन येतो आणि घाटात थंड झाल्यावर पाणी टाकतो. आमचा घाट टॉर्चमध्ये होता, इतकाच फरक.

त्यात आणखी एक भर. जागा आहे म्हणून कॉम्प्रेसर ठेवला होता न्हाणीच्या भिंतीला लागून. सकाळी चुलीवर पाण्याचा हंडा चढला की त्याची वाफ थेट कॉम्प्रेसरच्या तोंडात!

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी कॉम्प्रेसर उचलून पुढच्या पडवीकडच्या उघड्या बाजूला नेला. तेथून गोठ्यापर्यंत भिंतीवरून लोखंडी पाइप फिरवला, थोडा उतार देऊन, म्हणजे हवा वाटेत थंड होईल. उताराच्या टोकाला खाली तोंडाची एक नळी आणि तिला कॉक लावला. टॉर्चकडे जाणारी जोडणी पाइपच्या वरच्या अंगाने काढली. फिल्टर नेला तो या सगळ्याच्या शेवटी, यंत्राच्या जवळ. त्या रात्री दादाने खालचा कॉक उघडला तेव्हा गढूळ, तांबूस पाणी भसकन बाहेर आले. त्याने ते पेल्यात धरले आणि आईला नेऊन दाखवले. यंत्र विकायचे राहिले. टाकीच्या बुडाचा कॉक आता आमच्याकडे तुळशीपुढे दिवा लागतो त्याच वेळी रोज उघडला जातो. फारच धुवाधार पाऊस असेल त्या दिवशी दादा फिल्टरपुढे सिलिका जेलचा एक डबाही जोडतो. कोकणात, किंवा गोव्यात, ज्याला हे यंत्र घ्यायचे आहे त्याने पाइप आणि फिल्टर यांचे पैसे बाजूला ठेवल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये.

टॉर्चबद्दल दोन गोष्टी. स्वस्त यंत्रांत नोझल पत्र्याला टेकवल्याशिवाय ठिणगी पडत नाही. पत्र्यावर रंग किंवा गंज असला की ती रुसते. 'पायलट आर्क' असलेल्या यंत्रात ठिणगी आधी टॉर्चमध्येच पेटते आणि मग पत्र्यावर उतरते. जाळी कापायची असेल किंवा भंगारातला पत्रा वापरायचा असेल तर पायलट आर्कसाठी थोडे जास्त पैसे जरूर द्यावेत. आणि यंत्र घेण्यापूर्वी टॉर्चचा प्रकार विचारावा. पीटी-३१, एजी-६०, पी-८० अशी त्यांची नावे असतात. त्या प्रकारचे नोझल आपल्या जिल्ह्याच्या गावी मिळते का, हे आधी जाऊन पाहावे. नोझलची वाट पाहत पडलेले यंत्र आणि वासरू नसलेली गाय यांत फारसा फरक नाही.

धोक्याविषयीही सांगितले पाहिजे, कारण घरच्या वर्कशॉपमध्ये मुले असतात, वाळत घातलेले कपडे असतात, भाताचा पेंढा असतो. ठिणग्या दोन-तीन मीटर सहज उडतात. गॅल्व्हनाइज्ड पत्रा कापताना निघणारा पांढरा धूर जस्ताचा असतो. तो छातीत गेला की रात्री थंडीताप भरतो. दादाला एकदा भरला आणि आम्ही मलेरियाची तपासणी करून आलो. या टॉर्चमध्ये अडीचशेहून अधिक व्होल्ट असतात, म्हणून ओल्या जमिनीवर, ओल्या हातमोज्यांनी कधीही काम करू नये. डोळ्यांवर पाच-सहा नंबरची काळी काच हवी. वेल्डिंगच्या दहा-अकरा नंबरच्या काचेतून रेघच दिसत नाही, मग माणूस ती काच वर करून कापतो आणि तेथेच घात होतो. रिकामे पिंप कापायला कोणी आणले तर ते परत पाठवावे. आत रॉकेलची, थिनरची नुसती वाफ उरली असली तरी ते फुटते. दादाने असे एक गिऱ्हाईक तोडले, ते आजही त्याच्याशी बोलत नाही.

आता शेवटची गंमत. यंदा गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाने दादाला लोखंडी पाटीचे काम दिले. अक्षरे मी खडूने पत्र्यावर काढून दिली. तेव्हा ध्यानात आले की इंग्रजी पाटीत प्रत्येक अक्षर सुटे पडते, ते एकेक करून बसवावे लागते. आपली शिरोरेषा सगळ्या शब्दाला धरून ठेवते. अख्खा शब्द एका पत्र्यातून एकसंध निघतो. सुटला तो एकटा 'ग्रं'वरचा अनुस्वार. तो मागून बारीक सळई लावून वेल्ड करावा लागला.

कापण्याची दिशाही दादाने तेव्हाच समजावून सांगितली. हवा टॉर्चमध्ये फिरत येते, त्यामुळे कापाची उजवी कड सरळ येते आणि डावी थोडी तिरपी. म्हणून अक्षराची बाहेरची रेघ प्रदक्षिणेच्या दिशेने कापायची, देव उजव्या हाताला ठेवून आपण फिरतो तशी. 'व' आणि 'क' यांची पोटे मात्र उलट दिशेने. तेथे जे गळून पडते ते टाकायचे असते, त्याची कड तिरपी झाली तर बिघडत नाही.

पाटी ऑगस्टच्या भर पावसात कापली. तिला एकच नोझल लागले आणि ते अजून टॉर्चमध्ये आहे.